सहलीची तारीख आणि पाळीची तारीख

आम्ही पाच मैत्रिणींनी गोल्फ रिसॉर्टचं बुकिंग केलं आणि एकीने लगेच ग्रुपवर विचारलं, "पाळी नेमकी तेव्हाच येतेय. कुठली गोळी घेऊ?" दुसरीने गोळीचं नावही कळवलं. मीही 'चालेल' लिहिणार होते, तेवढ्यात आठवलं: बाळंतपणानंतर हिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती.

मी तिला वेगळा फोन केला. "अगं, त्याला १२ वर्षं झाली!" ती म्हणाली.

तुम्हालाही असंच वाटत असेल, तर हे वाचा. पाळी पुढे ढकलायला बहुधा नॉरएथिस्टेरॉन देतात. पाळीच्या तारखेच्या साधारण ३ दिवस आधी ते सुरू करतात. थांबवल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढू शकतो. बहुतेकींना त्रास होत नाही. पण पूर्वी गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, तर ही गोळी नको. आई-बहिणीला गुठळी झाली असेल, तरी डॉक्टरांना आधी सांगा. गोळी घेताना एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक दम लागला, तर लगेच रुग्णालय गाठा.

मैत्रीण गोळी न घेताच आली. पोहली नाही, पण गोल्फ शिकताना सगळ्यात जास्त तीच हसली. तिच्या परवानगीनेच हे लिहिलंय. गोळी मैत्रिणीला विचारून घेऊ नका, एवढंच.