‘हो’ म्हणाल्यानंतर

व्यसनाची तक्रार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा कुणी येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, पोट बिघडलंय म्हणून येतात, दंडावरचं गळू फोडून घ्यायला येतात, मोटरसायकलवरून पडल्यावर टाके घालून घ्यायला येतात. एखादी बाई अंगदुखीवर ‘मागच्या वेळी दिलेली तीच गोळी’ मागते आणि ती कित्येक वर्षं तीच मागत असते. केसपेपरवर गळू, निद्रानाश, अंगदुखी एवढंच लिहिलं जातं. खरा आजार आला तसा घरी जातो आणि पुढे भेटतो तो जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, नाहीतर पोलीस ठाण्यात.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. व्यसनी माणसांवर उपचार करणं हे माझं काम, आणि त्याच्या जोडीला तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आरोग्यसेविकांना, आशाताईंना हे उपचार शिकवणं हेही. हे दुसरं काम मला आता जास्त निकडीचं वाटतं. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०१९ साली प्रसिद्ध झाले. अफू, गर्द किंवा त्याच वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक देशात आहेत आणि त्यातल्या जवळजवळ ७७ लाखांना मदतीची गरज आहे, असं ती पाहणी सांगते. बेकायदा अमली पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेल्या वीस जणांमागे उपचार मिळतात एकाला. उरलेल्या एकोणीस जणांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ या देशात नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. आरोग्य केंद्र मात्र एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर असतं.

गर्दची लाट मुंबई-पुण्यात आली तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि तो बरा होतो, हे महाराष्ट्राला त्यांनी दाखवून दिलं. आज नशेचं रूप बदललं आहे. एमडी म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोन २०१५ मध्ये, तर वेदनाशामक ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या गावोगाव पोचल्या आहेत. झोपेच्या गोळ्यांना कुठे ‘बटन’ म्हणतात, कुठे ‘कुत्ता गोळी’. हे सगळं तालुक्याच्या बाजारात मिळतं, म्हणून उपचारही तालुक्यातच मिळायला हवेत.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला मी विचारते, ‘तुमच्या ओपीडीत असे पेशंट किती असतील?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘आमच्याकडे नाहीत, मॅडम.’ मागच्या रांगेतले औषधनिर्माते तेवढ्यात एकमेकांकडे बघतात. कोण आठवड्यात दोनदा झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. डॉक्टर खोटं बोलत नसतात. त्यांनी कधी विचारलेलंच नसतं, आणि का विचारलं नाही हे दुपारच्या चहापर्यंत बाहेर येतं. विचारलं आणि समोरचा ‘हो’ म्हणाला, तर पुढे काय करायचं?

माझ्या मते या प्रशिक्षणाचा सगळा गाभा या एका प्रश्नात आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मानसोपचाराशी गाठ पडते ती जेमतेम काही आठवडे. बीएएमएस डॉक्टरांची अवस्था याहून बरी नाही. ज्या आजारावर आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं, त्याबद्दल कुठलाही शहाणा डॉक्टर विचारणार नाही. म्हणून मेंदूतल्या रसायनांचे तक्ते मी दाखवत नाही. ‘हो’ नंतर काय करायचं, तिथूनच सुरू करते.

आधी जीव वाचवण्याच्या गोष्टी. झोपेच्या गोळ्या बरेच दिवस भरपूर घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने उतरवायच्या. दारूही सोबत असेल आणि माणूस थरथरत असेल, तर ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व द्यायचं. सलाईनवर आपल्या लोकांची फार श्रद्धा, पण थायामिन आधी दिलं नाही तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. गर्द किंवा तत्सम औषधं बंद केल्यावर नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, हाडं ठणकतात. पेशंट याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की भयंकर असते, पण एरवी धडधाकट माणसाच्या जिवावर ती सहसा उठत नाही. जिवावर उठतं ते नंतरचं. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून काही महिने कोरडा राहून आलेला मुलगा जुनाच डोस घेतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि श्वास थांबतो. मंद झालेला श्वास, बारीक झालेल्या बाहुल्या, हाक मारूनही जाग नाही, एवढं ओळखता आलं आणि कपाटात नालॉक्सोन या उताऱ्याची इंजेक्शनं असली तर तो वाचतो. मात्र नालॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, त्यामुळे शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी पाठवायचं नाही. ही माहिती आशाताईंनाही हवी. परत आलेल्या मुलाच्या घरी त्याच पहिल्यांदा जातात.

दुसरी भीती पोलिसांची. पेशंट नशा करतो हे कळलं तर कळवावं लागतं का, हे प्रत्येक तुकडीत विचारलं जातं. नशा करणाऱ्या पेशंटची माहिती पोलिसांना द्यावी असं कुठलंही बंधन डॉक्टरवर नाही. उलट मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने व्यसनाचे आजार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातलं ६४ अ हे कलम तर आपणहून उपचारांना येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. हे ऐकल्यावर वर्गातला ताण उतरतो. गावात मात्र कायद्यापेक्षा खिडकी महत्त्वाची. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारलं जात असेल, तर आत डॉक्टर कितीही शिकलेला असो, त्याला ‘हो’ ऐकू येणार नाही. म्हणून त्या खिडकीवरच्या माणसालाही मी प्रशिक्षणाला बोलावते.

मग विचारायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी आठ प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. ती तंबाखूपासून सुरू होते आणि गेल्या तीन महिन्यांत काय काय घेतलं ते विचारते. तंबाखूपासूनची ही सुरुवात आपल्याकडे फार उपयोगी पडते. तंबाखू, मिश्री यांबद्दल कुणी लाजत नाही. तिथून दारू, तिथून गोळ्या, असं बोलणं सहज पुढे सरकतं. हे शिकवायला व्याख्यान चालत नाही. एक डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसतो, दुसरा त्याच्याशी बोलतो, बाकीचे बघतात. एकदा पेशंट झालेले एक अनुभवी वैद्यकीय अधिकारी नंतर म्हणाले, ‘त्याने मला समजवायला सुरुवात केली आणि मला उठून जावंसं वाटलं.’ ते हे बोलल्यानंतर वर्गात कुणी कुणाला उपदेश केला नाही. ‘या गोळ्यांचा तुम्हाला काय फायदा होतो?’ असं खरं कुतूहल ठेवून विचारलं, की तोट्यांची यादी पेशंट स्वतःच देतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ पासून ही पद्धत मांडली. आपल्या आशाताईंना ती लवकर जमते, कारण दारात बसून ऐकून घेण्याची त्यांना सवय असते.

नुसत्या बोलण्याच्या मर्यादाही मी लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह चार देशांत केलेल्या अभ्यासात दवाखान्यातल्या छोट्या संवादाने नशा कमी झाल्याचं दिसलं होतं. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा एखाद-दुसऱ्या संवादाचा काहीही परिणाम दिसला नाही. मला हे निष्कर्ष पटतात. मधुमेहाच्या पेशंटला एकदा समजावून सोडून दिलं तर त्याची साखर उतरेल का? औषध हवं, पुन्हा पुन्हा भेट हवी. फ्रान्सने १९९६ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना गर्दच्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहून देऊ दिलं आणि काही वर्षांतच तिथले ओव्हरडोसचे मृत्यू कमालीचे घटले. आपल्याकडे हे औषध मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळतं. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ते देण्याचं जाळं उभारलं. महाराष्ट्रातही निदान तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत ते पोचायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर जवळचं नोंदणीकृत केंद्र कोणतं, हे डॉक्टरला माहीत हवं. नाहीतर घरचे लोक मुलाला जबरदस्तीने गाडीत घालून, मारहाण करणाऱ्या एखाद्या बेकायदा ‘केंद्रात’ नेऊन टाकतात.

आणि प्रशिक्षण संपल्यावर फोन चालू हवा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये दूरदूरच्या डॉक्टरांना दर आठवड्याला तज्ज्ञांशी जोडून त्यांच्याच पेशंटवर चर्चा करण्याची पद्धत सुरू केली. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने ती व्यसनोपचारासाठी आणली. आम्हीही तसंच करतो. परवा एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने एक पेशंट मांडला. हा माणूस दिवसाला अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळ्या मूठभर घेणारा. घरच्यांनी पंढरपूरला नेऊन माळ घालायची ठरवलेली, त्या दिवसापासून सगळं बंद. ‘माळ घालू दे, मॅडम, पण गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येईल, हे मी कसं सांगू?’ आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं: लांब असर राहणाऱ्या डायझेपामवर आणायचं, डोस दर आठवड्याला थोडा उतरवायचा, गोळ्या एका वेळी एकाच आठवड्याच्या द्यायच्या आणि त्या त्याच्या आईकडे ठेवायच्या. माळेबद्दल डॉक्टर घरी जाऊन आईशी बोलले. माळ घालायचं तिने डोस संपेपर्यंत पुढे ढकललं आहे. दर सोमवारी औषधनिर्माते त्याच्या गोळ्या मोजून देतात आणि त्या वेळी झोप कशी लागते तेही विचारून घेतात.