पावणेचार हजार तास

घरबसल्या व्यवस्थापनातली डॉक्टरेट मिळवून देणारे समुपदेशक फोनवर फार गोड बोलतात. ‘मॅडम, तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव हाच तर तुमचा रिसर्च!’ विद्यापीठ युरोपातलं, शिकवणं ऑनलाइन, फी साडेसात लाख, हप्ते बिनव्याजी, आणि शुक्रवारच्या आत नाव नोंदवलं तर घसघशीत सूट. पदवीवर सूट मिळते म्हटल्यावर खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला नावामागे ‘डॉ.’ लागल्याचं चित्र कोणी रंगवून दाखवलं की तो थोडा वेळ ऐकत राहतो. मीही ऐकलं.

यातली कायद्याची बाजू लगेच आटोपते. भारतात दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या विकत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असा इशारा आयोगाने आणि एआयसीटीईने मिळून त्याच्या आदल्याच महिन्यात दिला होता. मग विक्रेत्यांनी पाटी बदलली आणि ‘डीबीए’, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, पुढे आणलं. ते बेकायदा नाही आणि काही ठिकाणी उत्तमही असतं, पण त्याच्या जोरावर इथल्या महाविद्यालयात प्राध्यापकी मिळेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी घ्यावं. नोकरी सांभाळून करायची तर अर्धवेळ पीएच.डी. हा सरळ रस्ता आहे. त्यात प्रवेश परीक्षा, बारा क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सत्राला सल्लागार समितीपुढे हजेरी, किमान तीन वर्षं आणि नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र.

दूरशिक्षणाला मी नाकं मुरडत नाही. आमच्याच शॉप फ्लोअरवर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन सुपरवायझर झालेली माणसं आहेत. ते विद्यापीठ निघालं १९८९ मध्ये. त्याच वर्षी नेल्सन मंडेलांनी दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा या दूरशिक्षण विद्यापीठाची कायद्याची पदवी तुरुंगातून पुरी केली. पुस्तक टपालाने येतं, परीक्षा केंद्रावर देता येते. पण संशोधनात पुस्तकच नसतं, ते आपल्याला लिहायचं असतं, आणि लिहिताना ‘हे वाक्य कशावरून?’ असं दर पंधरा दिवसांनी विचारणारं कोणीतरी लागतं. गाईड म्हणून प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार असे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. बाजारात खरी टंचाई आहे ती मन लावून वाचणाऱ्या गाईडची. साडेसात लाखांच्या माहितीपत्रकात त्याच्याविषयी एक ओळ नव्हती.

फीचा आकडा मी बाजूला ठेवला आणि तास मोजायला बसले. आठवड्याला पंधरा तास धरा. शनिवार-रविवार आणि दोन-तीन रात्री. वर्षाचे पन्नास आठवडे, पाच वर्षं. झाले पावणेचार हजार तास. तासाला पाचशे रुपये लावले तरी पावणेएकोणीस लाख होतात. म्हणजे फी हा सगळ्यात मोठा खर्च नाहीच. शिवाय हे तास एकट्या माझ्या खात्यातून जात नाहीत. सासूबाईंचं डॉक्टरांकडे जाणं, मुलीची बारावी, गावच्या जत्रेला दोन दिवस जायचं की नाही, सगळं त्या पंधरा तासांशी भांडणार. नवरा म्हणाला, ‘कर ना, मी बघतो घरचं.’ प्रेमाचं वाक्य आहे, पण पाच वर्षांच्या मुदतीचं आहे का, हे त्याला विचारायचा धीर मला झाला नाही.

आणि वसुली? कंपनीत ‘डॉ.’मुळे पगार वाढत नाही, फार तर मीटिंगमध्ये चहा आधी येतो. अध्यापनात पूर्वी पीएच.डी.साठी आगाऊ वेतनवाढी मिळत, सातव्या वेतन आयोगाबरोबर त्या गेल्या. आता पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला पुढच्या टप्प्यावर जायला सहाऐवजी चार वर्षं लागतात आणि सहयोगी प्राध्यापकपदासाठी ती पदवी अटळ असते. पंचविशीत नोकरीला लागलेल्याला हे फळतं. माझ्या वयाला हिशेब तोट्यातच निघतो. म्हणून पैशांचं गणित मी तिथेच सोडलं.

उरलं ते संशोधनाचं. हेन्री मिंट्झबर्गने एमआयटीत १९६८ मध्ये पीएच.डी. केली. पाच कंपन्यांचे पाच प्रमुख निवडले, प्रत्येकामागे एक आठवडा सावलीसारखा फिरला आणि ते काय काय करतात ते टिपत गेला. पुस्तकातला व्यवस्थापक शांतपणे योजना आखतो. याला दिसलेल्या माणसांच्या निम्म्या कामांना नऊ मिनिटंही मिळत नव्हती. अवघी पाच माणसं, पण शास्त्राची दिशा वळली. आपल्याकडे ‘पुणे जिल्ह्याच्या विशेष संदर्भासह’ चारशे लोकांकडून प्रश्नावली भरून घेतात, ‘पूर्णपणे सहमत’वर खुणा होतात, गल्लीतला कोणीतरी एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरवर कोष्टकं काढून देतो आणि कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन दिलं की ते समाधानी होतात असा शोध लागतो. दहा टक्क्यांच्या आत साम्य दाखवणारा अहवाल जोडला की बाइंडिंग.

ते नऊ मिनिटांचं निरीक्षण मला भलत्याच कारणाने झोंबलं. माझा दिवस तसाच जातो. खरेदी विभागातल्या नोकरीत सलग अर्धा तास विचार करायची सवय राहत नाही. तेव्हा पावणेचार हजार तास मिळाले तरी ते तुकड्यांत मिळतील, आणि प्रबंध तुकड्यांत लिहून होत नाही.

तरी एक प्रश्न माझ्याजवळ आहे, आणि तो मला चाकणच्या कारखान्यात बसूनच सुचला. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, चुकते केले नाहीत, तर पैसे देईपर्यंत त्या खर्चाची करात वजावट मिळत नाही, असं कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. कायदा लहानांच्या भल्याचा. पण तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी भोसरीतल्या लहान वर्कशॉपना वेळेवर पैसे दिले, की त्यांच्या ऑर्डरच मध्यम उद्योगांकडे वळवल्या? हे प्रश्नावलीतून कळणार नाही. गिऱ्हाईकाविरुद्ध कागदावर खूण कोण करेल? त्यासाठी लेथच्या शेजारी स्टूल टाकून बसावं लागेल, खातेवह्या बघाव्या लागतील आणि ‘ताई, हे लिहू नका हं’ म्हणून सांगितलेलं खरंच लिहायचं नाही, हे पाळावं लागेल. अशा विषयाला विद्यापीठाबाहेरचा माणूस हवा, कारखान्यांच्या आवारात रोज जाणारा. अर्धवेळ विद्यार्थ्याची ही एकमेव श्रीमंती, आणि घरबसल्या डॉक्टरेट विकणाऱ्याला तिचा पत्ताच नाही.

अडचण एवढीच, की लहान पुरवठादारांची बिलं उशिरा काढणाऱ्यांत माझी कंपनीही आहे आणि ना-हरकत पत्रावर सही तिचीच लागेल. विषय सौम्य शब्दांत मांडता येईल, ‘पुरवठादार संबंध व्यवस्थापन’ वगैरे. कदाचित सहीही होईल. मग पाच वर्षं गोळा केलेलं लिहायची वेळ येईल, तेव्हा मी त्याच इमारतीत नोकरीला असेन. या खर्चाला कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘पेट’ या प्रवेश परीक्षेचा अर्ज मात्र भरते आहे, साहेबांशी पुढच्या आठवड्यात बोलेन.