मेलव्हिलचा फलाट

गाडी मेलव्हिलला थांबली तशी पाय मोकळे करायला उतरले. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं हे गाव रेल्वेनंच वसवलं. नावसुद्धा ग्रँड ट्रंक रेल्वेचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज यांचं. १९१२ साली ते टायटॅनिकबरोबर गेले. माणूस समुद्रात बुडाला आणि नाव उरलं गव्हाच्या शेतांत, याचं राहून राहून नवल वाटतं. पश्चिमेकडची स्टेशनं तर चक्क इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं: फेनवूड, गुडीव्ह, हबर्ड, इटूना, जॅस्मिन, केलिहर. नावं ठेवणाऱ्या कारकुनाला कंटाळा आला असावा! (मलाही आला असता.) शेजारून मालगाडी धडधडत गेली. धान्याचे डबे मोजू लागले, साठाच्या पुढे नाद सोडला. रुळांमधल्या खडीत गव्हाचे दाणे सांडले होते. चिमण्या केव्हाच हजर.