टिकलं म्हणजे जमलं?

इम्प्लांटवर कॅप बसवून वर्ष झालं की पेशंट तपासणीला येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच निकाल सांगून टाकतात, "एकदम फर्स्ट क्लास, डॉक्टर. चकलीसुद्धा चावतो!" बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण त्यावर मला विसंबता येत नाही. आपल्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. किती जोराने चावतोय ते त्यातून कळतं. टायटॅनियमचा इम्प्लांट थेट हाडाला धरून असतो, त्याला हे अस्तरच नाही. भोवतीचं हाड झिजत असलं तरी बहुधा दुखत नाही.

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा एका पेशंटच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. ते चाळीस वर्षांहून जास्त टिकले. पण टिकणं वेगळं, यश वेगळं. यशाच्या कसोट्या आल्बरेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडल्या: इम्प्लांट हलू नये, एक्स-रेत त्याच्याभोवती काळी रेघ दिसू नये, वेदना, संसर्ग, बधिरपणा नसावा आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. एवढीशी झीज वर्षभराच्या फरकाने काढलेल्या दोन एक्स-रेंमध्ये खात्रीने मोजणं अवघडच. म्हणून कॅप बसवली त्याच दिवशीचा एक्स-रे हवा, इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसतील अशा कोनातला. तो नसेल तर पुढचे सगळे एक्स-रे कशाशी ताडून बघायचे?

या कसोट्या इम्प्लांटच्या. कॅपबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. पोर्सेलिनचा टवका उडतो, स्क्रू ढिला होतो, हिरडीखाली राहिलेलं सिमेंट सूज आणतं. मला सर्वांत बोलकी वाटते ती एक साधी तक्रार: "हल्ली इथे मेथीची भाजी अडकते." खरे दात वयानुसार किंचित पुढे सरकत राहतात, इम्प्लांट मात्र जागचा हलत नाही. पुढच्या दाताशी फट पडते. फ्लॉस अडखळून आत गेला तर ठीक, सरळ सुळकन गेला की समजायचं.

म्हणूनच कोन जुळत असेल तिथे मी स्क्रूची कॅप घेतो. वरच्या भोकात भरलेलं फिलिंग काहींना खुपतं. पण ती कॅप काढून, लॅबला पाठवून, बाजूला थोडं पोर्सेलिन चढवून परत बसवता येते. सिमेंटची असली तर बऱ्याचदा कापूनच काढावी लागते, आणि नवीचा खर्च पेशंटच्या माथी.