टिआरा शोधता शोधता अंबाड्यापर्यंत!

अहो, ऐकलंत का? मला गप्प बसवतच नाहीये! लंडनच्या शाही मेजवानीचे फोटो बघत होते. राण्यांच्या डोक्यावर हिऱ्यांचे ते लखलखते टिआरा! आणि मग मनात आलं, आपल्या मराठी राजघराण्यातल्या बायका समारंभाला डोक्यावर काय घालत असतील? झालं! तेव्हापासून मी पुस्तकं उघडतेय, जुनी चित्रं मोठी करून बघतेय, दिसेल त्याला विचारतेय. मी सोनार नाही, इतिहासाची अभ्यासक तर नाहीच. पण तुम्ही जरा बसा, हे ऐकाच!

आपल्याकडे डोक्यावरचा झगमगाट पुरुषांचा! शिरपेच, तुरा, कलगी, सगळं पगडीवर! बाईच्या डोक्यावर पदर. पण पदराखाली काय काय, बाई गं! भांगात बिंदी-बिजवरा, मग राखडी, आणि मग अंबाड्यावर मूद, चंद्रकोर, केतक, अग्रफूल! इतकं सोनं, आणि वरून पदर! समोरच्याला दिसणार ते फक्त कपाळाजवळचं. मला तर हे टिआरापेक्षा भारी वाटतं.

एका ओळखीच्या घरी जुनी राखडी हातात घ्यायला मिळाली. केवढीशी ती! मध्ये लाल खडा, भोवती बारीक मोती, आणि उलटी केली तर मागे केसांत अडकवायची इवलीशी कडी! ती कडीसुद्धा घासून गुळगुळीत झालेली. किती लग्नं, किती हळदीकुंकवं पाहिली असतील तिने! मला ती खाली ठेववेना.

आणि आता नगरकरांनो, कान इकडे करा! आपल्या जामखेड तालुक्यातलं चौंडी. १७२५ साली तिथे जन्मलेली माणकोजी शिंद्यांची लेक अहिल्या होळकरांची सून झाली, पुढे तिने महेश्वरहून राज्य केलं. चित्रांत ती दिसते पांढऱ्या वस्त्रात, हातात शिवलिंग. दागिन्यांचा थाट नाहीच! तिचा पैसा गेला घाटांना आणि देवळांना, १७८० साली काशी विश्वनाथाचं मंदिर तिनेच पुन्हा उभं केलं. आणि मग त्याच होळकरांच्या गादीवर पुढे आले तिसरे तुकोजीराव, आणि मग १९१३ साली ते पॅरिसला शोमे या जवाहिऱ्याकडे गेले, आणि मग तिथे त्यांनी पेरच्या आकाराचे दोन हिरे घेतले, एक ४६.७० कॅरेटचा आणि दुसरा ४६.९५ कॅरेटचा! इतके जवळजवळ सारखे! जगभर त्यांना ‘इंदूर पेअर्स’ म्हणतात. १९३० च्या दशकात बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने तुकोजीरावांच्या मुलाला, महाराज यशवंतराव होळकरांना, मराठी पोशाखात रंगवलं. पांढराशुभ्र पोशाख, डोक्याला पगडी आणि गळ्यात तेच हिरे! महाराजांच्या गळ्यात! बघा, पुन्हा पुरुषच मिरवतोय! १९४६ साली ते हिरे अमेरिकेच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने घेतले.

आणि बडोदा! शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव जिथे गादीवर बसले, त्या गायकवाडांच्या घरातल्या सीतादेवींची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगतेय. त्यांचे पाचू-हिऱ्यांचे पैंजण विन्स्टनने विकत घेतले, त्यांचा हार बनवला आणि तो हार विंडसरच्या डचेसने घेतला. असं सांगतात की १९५७ साली न्यूयॉर्कच्या एका नृत्यसमारंभात सगळे त्या हाराचं कौतुक करत होते, तेव्हा सीतादेवी सरळ म्हणाल्या, हे पाचू माझ्या पायात होते! डचेसने हार परत केला! पायातलं त्यांच्या गळ्यात! मी हे वाचून टाळ्याच वाजवल्या.

आता तुमचं काम. घरी आजीचा, पणजीचा डबा असेल तर आजच उघडा. मूद, राखडी, केतक, अग्रफूल, काहीही निघालं तरी सराफाकडे मोडीत देऊ नका. आधी पुढून-मागून फोटो काढा, घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारून दागिन्याचं नाव आणि तो कुणाचा होता ते कागदावर लिहा, आणि डब्यातच ठेवा. आणि नगरजवळपास राहत असाल तर मला बघायला बोलवा, मी लगेच निघते!