जुनी गाडी, नवा स्वार

आमच्या गावाचं नाव मूल. गावाचंच नाव मूल असल्यावर घरातल्या मुलापुढे बापाचं काय चालणार? गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता चिरंजीवांनी जाहीर केलं, की यंदापासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठात जायचं ते एस.टी.ने नव्हे, मोटारसायकलने. आणि मोटारसायकल म्हणजे माझ्यासारखी दूधवाल्याची नव्हे! पुढून वाघाचं तोंड असलेली आणि बसण्याऐवजी जिच्यावर पालथं पडायचं असतं, तसली.

मी नवीची किंमत विचारली. त्याने सांगितली. सौभाग्यवतींनी मुकाट्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"म्हणून तर सेकंडहँड म्हणतो, बाबा," चिरंजीव म्हणाले.

आता मी पडलो बी.कॉम. २४ वर्षं बँकेत लोकांचे कागद तपासतोय. जुनी वस्तू पारखायला मला कुणी शिकवायला नको, असा माझा ठाम समज होता. तरी घरच्या आग्रहास्तव आमच्या चौकातल्या मिस्त्रीला बरोबर घेतलं.

पहिली गाडी चंद्रपूरला पाहिली. एमएच ३४, २०१८ सालची यामाहा आर-१५, १५५ सीसी. अशी चकाकत होती, की तिच्यात बघून दाढी करावी. "मुलगा फक्त देवळात न्यायचा," मालक म्हणाले. मी चष्मा पुसून कागद हातात घेतले. आर.सी.वर बँकेचा बोजा!

"कर्ज तर केव्हाच फिटलं," मालक म्हणाले.

"फिटलं असेल हो, पण उतरलं कुठे? बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय बोजा उतरत नाही." मालकांनी कपाटातून दोन्ही कागद काढून दिले. नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० तयार, विमा चालू, चॅसिस नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला. माझ्या लेखी प्रकरण मंजूर!

मिस्त्रीने कागदांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याने इंजिनावर तळहात ठेवला. "गरम हाये, सायेब."

"अरे, मे महिना, चंद्रपूर आणि दुपारचा एक. माझं डोकंसुद्धा गरम आहे!"

"मंग बाजूच्या गाडीले हात लावून पाहा."

लावला. त्याच सावलीतली गाडी कोमट होती. म्हणजे आम्ही यायच्या आधीच ही सुरू करून ठेवलेली. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं की नाही, ते आम्हाला कळू नये म्हणून!

मग मिस्त्री उकिडवा बसला. हँडल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं. मधोमध ते किंचित अडकलं. "कोनसेट गेला." पुढच्या शॉकअपवर बोट फिरवलं, तेल लागलं. मग हँडल जिथे फ्रेमला टेकून थांबतं, तिथे टॉर्च मारला. तिथलं लोखंड चेपलं होतं. "समोरून ठोकलेली हाये, सायेब. वरचं प्लास्टिक तेवढं नवं."

मालकांना एकदम आठवलं. "हां, एकदा रानडुक्कर आडवं आलं होतं."

"देवळात?" मी विचारलं.

मी हसलो, पण माझ्याबरोबर कुणी हसलं नाही. मालकांचा मुलगा दारात उभा होता. त्याचा डावा हात कोपरात वाकलेलाच होता, सरळ होत नव्हता. माझ्या हातातल्या कागदांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. परतताना चिचपल्ली मागे पडेपर्यंत आमच्यात कुणी बोललं नाही.

दुसरी गाडी गडचिरोलीची, एमएच ३३. या खेपेला आम्ही पहाटेच निघालो, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि सहाला दारात हजर झालो. मॉडेल तेच, साल २०१९. डावी बाजू चांगली खरचटलेली. मालक शाळामास्तर. विचारायच्या आतच म्हणाले, "दोनदा पडली. दोन्ही वेळा उभी असतानाच."

इंजिन थंडगार. पहिल्याच सेल्फला सुरू. हँडल लोण्यासारखं फिरलं, शॉकअप कोरडे, चेनच्या चक्रीचे दात शाबूत. टायरवर चार आकडे छापलेले असतात, ते मिस्त्रीने वाचून दाखवले. २२१९, म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर म्हातारं झालं होतं. मी ताबडतोब दोन टायरांची किंमत वजा केली. शेवटी माझं कॉमर्स उपयोगी पडलं!

चिरंजीवांचं तोंड मात्र ओरखडे पाहून उतरलं.

"भाऊ," मिस्त्री त्याला म्हणाला, "नवा चालवणारा एकदा तरी पाडतेच. चकचकीत पाडशीन तं प्लास्टिकमंदीच बापाचा पगार जाईन. खरचटलेली चालते, वाकलेली नाई चालत. आन् हिले एबीएस हाये, तिले नोव्हतं." १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. करकचून ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही. आमच्या रस्त्यावर रानडुक्कर काही हात दाखवून वळत नाही, तेव्हा ही गोष्ट मला ओरखड्यांपेक्षा मोठी वाटली.

गाडी घेतली. टायर आणि हेल्मेटचे पैसे मी आनंदाने दिले. आमच्या बँकेत कर्ज मागायला येणारेही असेच पॉलिश करून येतात. सगळेच आपले देवळात जाणारे! मास्तरांसारखा "दोनदा पडलोय" म्हणणारा २४ वर्षांत माझ्या टेबलाशी एकही आलेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात चिरंजीव संध्याकाळी जरा चोरासारखेच घरात शिरले. मी बाहेर जाऊन पाहिलं. उजव्या बाजूला कोरा ओरखडा.

"वळवताना पाय घसरला, बाबा. गाडी उभीच होती."

"हात पुढे कर," मी म्हणालो. "दोन्ही. सरळ कर."

त्याने केले. अगदी सरळ झाले.

प्रकरण मंजूर.