जतन

मराठीतील 'जतन' हा शब्द मोठा मायाळू आहे. संस्कृत 'यत्न' या शब्दापासून तो आला. जे जपावयाचे त्यासाठी काही यत्न करावा लागतो, ही जाणीव त्याच्या मुळाशीच आहे. परंतु कालांतराने यत्नाचा अर्थ मागे पडला आणि झाकून ठेवण्याचा अर्थ तेवढा उरला. कणगी धान्याने काठोकाठ भरावी, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा, पोथी रुमालात गुंडाळून फडताळात ठेवावी, अशी आपल्या घरांची रीत. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून ती घडली असल्याने तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जिचा स्वभाव धान्याचा नाही, लोणच्याचा नाही आणि पोथीचाही नाही, अशी एखादी वस्तू घरात आली तर तिला ही रीत मानवेल काय?

रायपुरातील तात्यापाऱ्याच्या एका जुन्या घरात हा प्रश्न एका उन्हाळ्यात उभा राहिला. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी आलेली मराठी माणसे परतली नाहीत. पुढे वकिली, शिक्षकी आणि सरकारी नोकरी यांच्या निमित्ताने आणखी घरे आली. ही माणसे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी व छत्तीसगढी बोलत आली. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले, 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. त्यांच्या घरची भाषा मराठीच होती. अशा भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना देवघेव नवी नाही. तरीही भाषा बाटू नये म्हणून तिच्यावर दादरा बांधण्याची धडपड घरोघरी चालतेच.

त्या घरातील आजी मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचे माहेर धमतरीकडचे. त्यांना जात्यावरच्या ओव्या असंख्य येत, आणि त्या ओव्यांत सणाला 'तिहार' व लेकराला 'लइका' सहज येऊन बसे. आजी त्यांना आयुष्यभर दुरुस्त करीत आल्या. मात्र २०१७ साली जाऊबाई थकल्या तेव्हा आजींनीच आपल्या स्मार्टफोनवर त्यांच्या चाळीसएक ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. दीड वर्षाने जाऊबाई गेल्या. आजींना मुलाने नवा फोन आणून दिला, आणि जुना फोन देवघरालगतच्या कोनाड्यात गेला.

तेथे त्याचे जतन सुरू झाले. आजींनी त्याला लोकरीचे आवरण विणले. चार्जरची वायर कायमची लावून ठेवली. पडद्यावर शंभराचा आकडा दिसला की त्यांना भरल्या कणगीचे समाधान वाटे. खाली समई तेवत असे. दर दिवाळीपूर्वी मात्र बॅटरी एकदा पार रिकामी करून त्या पुन्हा भरीत, कारण त्यांच्या यजमानांनी तसे सांगून ठेवले होते. ओव्या मात्र त्यांनी पुन्हा ऐकल्या नाहीत. वापरल्याने फोन झिजेल, आणि फोनबरोबर आवाजही जाईल, ही भीती.

येथे त्या बॅटरीचा स्वभाव थोडा समजून घ्यावयास हवा. यजमानांचा सल्ला त्यांच्या काळी योग्यच होता. निकेल-कॅडमियमचे जुने घट अर्धवट वापरून पुन:पुन्हा भरले तर ते तेवढीच सवय धरीत, म्हणून त्यांना मधूनमधून रिते करावे लागे. १९९१ साली बाजारात आलेला लिथियम-आयन घट निराळ्या कुळीचा. ज्या तिघांच्या संशोधनातून तो घडला, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटात लिथियमचे कण दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करतात. म्हणून प्रारंभी त्याला झुलत्या खुर्चीची उपमा देत. आपण झोपाळा म्हणू. घट मध्यावर, निम्मा भरलेला असतो तेव्हा त्याच्यावर ताण कमी. दोन्ही टोकांस तो सर्वांत अधिक. अगदी रिता घट या बॅटरीला सोसत नाही, आणि काठोकाठ भरून तसाच ठेवलेला घटही सोसत नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आतील द्रव्ये एकमेकांशी नको त्या प्रक्रिया करू लागतात, उष्णतेने त्या वाढतात, आणि त्यांतून वायू निर्माण होतो. म्हणून रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहावे, आणि फोन दीर्घकाळ ठेवावयाचा असेल तर निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा, असे जाणकार सांगतात. विशेष हे की ही बॅटरी न वापरताही वृद्ध होत जाते. भरलेली, उबेत आणि निष्क्रिय ठेवली तर तिचे वार्धक्य लवकर येते.

रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांजवळ जातो. अशाच एका दुपारी आजींना आवरण घट्ट झालेले जाणवले. फोनची पाठ उचलली गेली होती. बॅटरी फुगली होती. सुट्टीत आलेल्या नातवाने प्रथम भिंतीवरचे बटण बंद केले. आजी पाठ दाबून बसवू पाहत होत्या. त्याने त्यांचा हात धरला.

"आजी, दाबू नकोस. पेट घेईल."

"अरे, पण मी तर कधी वापरलासुद्धा नाही!"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःच्याच शब्दाचा संकोच वाटला.

मालवीय रोडलगतच्या एका कारागिराने ती फुगलेली बॅटरी हलक्या हाताने सोडवून बाजूला काढली आणि बाहेरून वीज जोडून फोन जागा केला. सर्व ओव्या संगणकावर उतरल्या. त्या रात्री इतक्या वर्षांनी त्या घरात जाऊबाईंचा आवाज उमटला. आजी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. 'तिहार' आला, 'लइका' आला. दुरुस्त करावयास समोर कोणी नव्हते. एका ओवीत मात्र एक शब्द असा आला की त्याचा अर्थ आजींना लागला नाही. नातवाने तीनदा वाजवून दाखवला. शेतीतला असावा, एवढेच त्यांना वाटले. जाऊबाईंच्या धाकट्या बहिणीला तो नक्की माहीत असता. ती बहीण दोन वर्षांपूर्वीच गेली होती. त्याआधी ती दर संक्रांतीला या घरी येई, याच कोनाड्याखाली बसून चहा घेई.

आवाज वाचला, एक अर्थ हातचा गेला. तो बॅटरीने नेला असे म्हणता येत नाही. अभ्यासकांच्या कपाटांतही अशी कितीतरी ध्वनिमुद्रणे जपून ठेवलेली असतात, आणि ज्यांना त्यांतले शब्द विचारावेत ती माणसे दरम्यान एकेक करून निघून जातात. वस्तू झिजेल म्हणून जी हाताळली जात नाही, ती निराळ्या मार्गाने झिजते. यत्न हा केवळ झाकण्यात नसतो. ज्याचे जतन करावयाचे त्याचा स्वभाव विचारून घेणे आणि ते चालते ठेवणे हाही यत्नच.

आजी आता सायंकाळी दिवा लावल्यावर आपल्या नव्या फोनवर एक ओवी लावतात. ऐंशीचा आकडा दिसताच वायर काढून ठेवतात. जुन्या फोनला बॅटरी नवी मिळाली. तो आवरणाविना, निम्मा भरून, बंद करून, आतल्या खोलीतील गार फडताळात आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा आकडा पाहण्याचे काम नातवाने त्यांच्यावर सोपवले आहे. त्या ते चोख करतात. फक्त अर्धी भरलेली वस्तू घरात ठेवणे त्यांना अजूनही थोडे अशुभ वाटते.